क्लचवरचा पाय

पौष लागला की सोलापूरच्या हवेत हुरड्याचा वास येतो. गोवऱ्यांच्या आगटीत ज्वारीची कोवळी कणसं खुपसलेली असतात, कुणीतरी ती तळहातावर चोळून दाणे मोकळे करत असतं, आणि हिरवा, गोडसर धूर वाऱ्याबरोबर फिरत राहतो. या वासानं लोकांना शेत आठवतं, शेंगदाण्याची चटणी आठवते, गोफणीचा आवाज आठवतो. मला क्लच आठवतो. खुर्चीत बसल्या बसल्या माझा डावा पाय हळूच खाली दबतो आणि तितक्याच हळू वर येतो.

मी आता जुळे सोलापुरात मुलीकडे, मालूकडे राहते. तिसरा मजला, समोर गॅलरी, खाली स्कूटरींची रांग. काल मालूनं बाजारातून हुरडा आणला. मी गॅलरीतून बोट दाखवून म्हणाले, "त्या दुधाच्या दुकानापासून पलीकडच्या शाळेपर्यंत सगळी ज्वारी होती. मधून गाडीवाट जायची. तिथं मी मोटार शिकले."

"आई, इतकी घरं झाली. नक्की इथंच होतं, हे तुला कसं कळतं?"

"उतारावरून," मी म्हणाले. माणसं घरं बांधतात, झाडं तोडतात, रस्त्यांना नावं देतात, पण उतार जिथल्या तिथं राहतो. ज्यानं या उतारावर ब्रेक दाबलाय त्याला तो डोळे मिटूनही ओळखता येतो.

ते साल एकोणीसशे तीस-पस्तीसच्या दरम्यानचं. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, सोलापुरात डॉक्टर होते. चाटी गल्लीच्या तोंडाशी त्यांचा दवाखाना. सकाळी दवाखाना आणि दुपारनंतर खेडी, असा त्यांचा क्रम. खेडी करण्यासाठी त्यांनी बदली होऊन जाणाऱ्या एका साहेबाकडून जुनी मोटार घेतली होती. काळी, कापडी टपाची, पुढच्या नाकात लोखंडी हँडल घालून फिरवल्याशिवाय जागी न होणारी. अण्णा ती स्वतः चालवत. डोक्याला काळी टोपी, अंगात लांब कोट, शेजारच्या सीटवर औषधांची पेटी. मोटार गावात शिरली की माणसं आधी धुळीचा लोट बघायची आणि म्हणायची, डाक्टर आले.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात दवाखान्याच्या शेवाळलेल्या पायरीवरून अण्णा घसरले. डाव्या गुडघ्याची वाटी फुटली. हाड जुळलं, पण गुडघा वाकायचा थांबला. पाटावर बसणं बंद झालं, टेबलाशी स्टुलावर जेवण सुरू झालं. आणि क्लच दाबता येणार नाही हे त्यांना स्वतःलाच सर्वांत आधी कळलं. त्यांनी मोटारीवर गोणपाट घालायला सांगितलं. ड्रायव्हर ठेवून पाहिले. एकाला चांगल्या नोकरीनं नेलं, दुसऱ्याला दारूनं. त्यानंतर अण्णा खेड्यांचं नावच काढेनात.

दिवाळीनंतर मंद्रूपच्या बाजूनं एक बैलगाडी दवाखान्यासमोर येऊन थांबली. आत गोधडीवर एक बाळंतीण होती. तिच्या नवऱ्यानं बैल पळवत आणले होते, बैलांच्या तोंडाला फेस होता. अण्णा काठी टेकत बाहेर आले, गाडीवर वाकले, तिचा हात हातात धरला. बराच वेळ धरून ठेवला. मग तो हलकेच गोधडीवर ठेवला आणि तिच्या नवऱ्याच्या खांद्यावर हात टाकला. तो माणूस म्हणाला, "डाक्टर, तुमी आला आस्ता तर..."

त्या संध्याकाळी अण्णा जेवले नाहीत. मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते. स्थळं येत होती. पोहे करणं, मान खाली घालून बसणं आणि नाव विचारल्यावर नाव सांगणं एवढंच काम मला उरलं होतं. मी अण्णांच्या समोर जाऊन उभी राहिले.

"अण्णा, मोटार मी शिकते."

आत आई भाकरी थापत होती. तो आवाज थांबला.

"काय शिकतेस?"

"मोटार चालवायला. तुम्ही शेजारी बसून सांगा. पाय माझे वापरा."

अण्णांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, रोग्याला पाहावं तसं. "डाव्या पायात जोर आहे?"

"दोन्हींत आहे."

आई पिठाच्या हातानं बाहेर आली. "लुगडं नेसून मोटार? उद्या म्हणशील, मला गोल पातळ पाहिजे. परवा म्हणशील, टोपी पाहिजे. अहो, तुम्ही तरी काही बोला."

अण्णा बोलले. म्हणाले, "उद्या सकाळी लवकर ऊठ."

आईची लुगड्याची काळजी फुकट गेली. मोटार चालवायला नऊवारीसारखं दुसरं वस्त्र नाही, हे मी अनुभवानं सांगते. कासोटा घट्ट मारला की दोन्ही पाय मोकळे. पुढं सहावारी आली, मीही नेसले, पण तिच्या निऱ्या ब्रेकमध्ये अडकायच्या. मी शिकले ते इरकली लुगड्यावर, पदर कमरेला खोचून.

माळावर नेईपर्यंत मोटार ढकलायला दोन हमाल घेतले होते. तिथं अण्णांनी मला आधी हँडल मारायला शिकवलं. "अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेव, दांड्याला विळखा घालू नकोस. इंजिन उलटं फिरलं तर मनगट जाईल." पहिल्या झटक्याला काही झालं नाही. दुसऱ्याला मोटार खोकली. नंतर केव्हातरी ती अशी धडधडली की माझ्या दातांपर्यंत कंप पोचला. पेट्रोलचा वास, तापलेल्या पत्र्याचा वास आणि चारी बाजूंनी दवानं भिजलेल्या ज्वारीचा वास. मी चाकामागे बसले. मला पुढचं काही दिसेना, तेव्हा अण्णांनी आपला कोट घडी करून माझ्याखाली सरकवला.

क्लच ही वस्तू तोंडी सांगून कळत नाही. दाबायचा कळतो, सोडायचा कळत नाही. मी सोडला की मोटार बेडकासारखी उडी मारायची आणि बंद पडायची. पुन्हा खाली उतर, पुन्हा हँडल मार. अण्णांचा स्वभाव तापट. "यमू, गिअर टाकतेस की हाडं मोडतेस?" असं ते ओरडायचे आणि काठी पत्र्यावर आपटायचे. एका सकाळी मात्र त्यांनी काठी बाजूला ठेवली आणि माझं मनगट धरलं.

"नाडी बघताना बोट जोरात दाबलं तर नाडी हरवते. अलगद ठेवलं तरी लागत नाही. मध्ये एक जागा असते, तिथं ती बोटाशी बोलायला लागते. क्लचमध्येही तशी जागा आहे. पाय वर येऊ दे. इंजिनचा आवाज जरा जड झाला की थांब. तिथं ती आहे."

मी पाय वर येऊ दिला. आवाज जड झाला. मी थांबले. मोटारीनं अंग हलवलं आणि आपणहून, कुणी न ढकलता, पुढं निघाली. मी ओरडले. अण्णाही ओरडले, "समोर बघ!" पण त्यांचा तो ओरडा रागाचा नव्हता.

त्या काळच्या मोटारींचे गिअर आजच्यासारखे गुमान बसत नसत. क्लच दाबून गिअर मोकळा करायचा, क्लच सोडायचा, खाली उतरायचं असेल तर इंजिनला थोडा जोर द्यायचा, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग दांडा सरकवायचा. सगळं मिळून एका श्वासाचं काम. चुकलं की मोटार करकरा दात खायची आणि तो आवाज अख्ख्या शिवारात जायचा.

तो आवाज ऐकणारी एक बाई तिथं रोज असायची. सुंद्राबाई. तिच्या घरच्या ज्वारीला पाखरं लागली होती, म्हणून ती दिवस उजाडल्यापासून मचाणावर उभी राहून गोफण फिरवायची. उंच, काळीसावळी, कपाळावर मोठं गोंदण. तिची वस्ती ओढ्यापलीकडं. मोटार बंद पडली की वरून तिचा आवाज यायचा.

"पुन्हा मेली व्हय गं?"

"मेली."

"मार की आजून एकदा. गाडीच हाय, सासू न्हवं, रुसून बसायला."

अण्णा हसू दाबायचे. मी घामानं निथळत हँडल मारायची. चार दिवसांनी ती मचाणावरून उतरून मोटारीजवळ आली, पत्र्यावर हात फिरवला, आणि म्हणाली, "लई गरम हाय की. डाक्टर, हिला ताप आलाय, बघा." मग माझ्याकडं वळून, "बाय, तुज्या भोंग्यानं माजी पाखरं पळत्यात. रोज येत जा."

सगळेच असं म्हणत नव्हते. गावात बातमी फिरायला वेळ लागला नाही. सायकलीवरून मिलमध्ये जाणारे लोक वाट वाकडी करून बघायला यायचे. देवळात आईला बायका विचारायच्या, "घरात पुरुषमाणूस नाही का हो?" अण्णांचे एक स्नेही घरी येऊन समजावून गेले की अशानं मुलीची चाल बिघडते. माझी चाल खरोखरच बिघडली होती. मी भराभर चालायला लागले होते.

आणि एका सकाळी गाडीवाटेवर बाभळीचे काटे पसरलेले होते. आपोआप पडलेले नव्हेत, फांद्या तोडून नीट चाकोरीत अंथरलेले. पुढचं चाक फुसकन बसलं. कुणी केलं हे मला कधी कळलं नाही आणि मी कधी शोधलंही नाही. त्या दिवशी मी चाक काढून दुसरं बसवायला शिकले. हात काळे झाले, नख उलटलं. अण्णा म्हणाले, "काही दिवस थांबू या."

दुसऱ्या दिवशी मी मोटारीत खराटा टाकला. माळावर पोचल्यावर इंजिन चालू ठेवून खाली उतरले, पदर खोचला आणि वाट झाडायला लागले. माझ्यापुढं काटे, मागं धडधडणारी मोटार. बांधावर तीन-चार माणसं उभी होती. मी त्यांच्याकडं बघितलं नाही. मचाणावरून सुंद्राबाई उतरली, गोफण कमरेला गुंडाळली, तरवडाची एक फांदी मोडून घेतली आणि दुसऱ्या चाकोरीतून झाडत निघाली. तोंडानं तिचं चालूच होतं. "काटं टाकनाऱ्याच्या पायात हजार काटं मोडू देत. बाईच्या जातीला आंगण झाडायची सवयच हाय. रस्ता झाडायला किती येळ लागतोय!"

आम्ही उतारापर्यंत झाडलं. मग मी त्या झाडलेल्या वाटेवरून मोटार नेली, भोंगा वाजवत. काटे पुन्हा कधी पडले नाहीत.

आता नातवंडांच्या पिढीतले लोक मला कौतुकानं बंडखोर म्हणतात. तेव्हा मला आगाऊ म्हणायचे. मला आगाऊ हाच शब्द आवडतो. त्यात पुढं गेल्याचा अर्थ आहे. बंड करायला कुणाच्या तरी विरुद्ध उभं राहावं लागतं. मला उभं राहायचंच नव्हतं. मला जायचं होतं.

ज्वारी पिवळी पडू लागली होती तेव्हाची गोष्ट. आम्ही माळावर पोचलो तर मचाण रिकामं. थोड्याच वेळात ताटांमधून वाट काढत सुंद्राबाई धावत आली. डोक्यावर पदर नाही, पायात काही नाही.

"डाक्टर, सुनेचं आडलंय. काल सांजंपास्नं. सुईण म्हनती, माज्या हातात न्हाय आता. चला की वो!"

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. वस्ती ओढ्यापलीकडं होती. मी तोवर ओढा कधी ओलांडला नव्हता. तिथं वाट खाली उतरायची, मग भुसभुशीत वाळू आणि पलीकडं उभा चढ.

"बसा मागं," मी सुंद्राबाईला म्हणाले.

ओढ्याच्या काठावर अण्णांनी शांतपणे सांगितलं, "उतरण्याआधी दुसऱ्यावर घे. वाळूत थांबायचं नाही. थांबलीस तर इथंच राहू."

मी उतरवली. वाळूत चाकं डुलायला लागली, स्टिअरिंग माझ्या हातातून सुटून स्वतःच्या मनानं फिरू बघत होतं. मागं सुंद्राबाईनं टपाची दांडी घट्ट धरून "सिद्धरामा, सिद्धरामा" लावलं होतं. मी पाय उचलला नाही. वाळू संपली, चढ सुरू झाला, आणि निम्म्या चढावर इंजिन गुदमरायला लागलं. आता पहिला गिअर. चुकला तर मोटार मागं, थेट ओढ्यात. क्लच दाबला. मोकळा केला. सोडला. जोर दिला. तो आवाज कानांनी नाही, पोटानं ऐकला. दाबला. दांडा सरकला, लोण्यात सुरी जावी तसा. मोटार एकदा थरथरली आणि चढून गेली. अण्णा पूर्ण वेळ गप्प होते. त्यांच्या गप्प बसण्याइतकी मोठी शाबासकी मला नंतर कधी मिळाली नाही.

दुपारी ऊन तापलं तेव्हा वस्तीवर मूल रडलं. मुलगी. सून वाचली. अण्णा बाहेर येऊन हात धुता धुता एवढंच म्हणाले, "वेळेवर पोचलो." सुंद्राबाईनं माझ्या तोंडावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली आणि मग मोटारीवरूनही ओवाळून मोडली.

त्यानंतर अण्णा म्हणाले, लायसन काढलं पाहिजे. कचेरीतल्या फौजदारांनी अर्ज अण्णांकडून घेतला आणि प्रश्नही अण्णांनाच विचारले. "बाईंना डावं-उजवं कळतं का?"

"मी इथंच आहे," मी म्हणाले. "मला विचारा."

त्यांनी विचारलं नाही, परीक्षाच घेतली. भर बाजाराच्या वेळी किल्ल्याजवळच्या चढावर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली, तिथंच त्यांनी मोटार थांबवायला लावली. पुढं गाडी, मागं टांगा. स्वतः मात्र एक पाय बाहेरच्या फळीवर ठेवून उडी मारायच्या तयारीत बसले. पुढची गाडी हलली. मी हँडब्रेक धरून क्लच वर येऊ दिला, ती जागा सापडेपर्यंत. मग ब्रेक सोडला. मोटार बोटभरही मागं गेली नाही. फौजदारांनी पाय आत घेतला. सही करताना म्हणाले, "सांभाळून चालवा." पुरुषांना ते असं सांगत असतील की नाही, कोण जाणे.

लायसनची बातमी बार्शीपर्यंत गेली. तिथल्या एका वकिलांच्या घरून मला बघायला येणार होते. चांगलं घर, मुलगा पदवीधर, आईनं फक्त नवस बोलायचा तेवढा बाकी ठेवला होता. ते आले. मी आत पोह्यांवर खोबरं पेरत होते आणि बाहेरचं बोलणं स्वच्छ ऐकू येत होतं.

"डॉक्टर, आमच्या कानांवर काही आलंय. मुलगी मोटार चालवते म्हणे."

मी हात थांबवला. मला वाटलं, आता अण्णा ओढ्याची गोष्ट सांगतील.

"ती तात्पुरती सोय आहे, वकीलसाहेब," अण्णा म्हणाले. "माझ्या या पायामुळं. लग्नानंतर ती स्टिअरिंगला हात लावणार नाही. मी शब्द देतो."

ज्या माणसानं माझं मनगट धरून ती जागा मला दाखवली होती, तोच हे बोलत होता. आवाजही तोच, शांत, रोग्याच्या नातेवाइकांना धीर देतानाचा. मी तबक उचललं. बाहेर गेले. ते जाजमावर ठेवलं. बसायचं होतं, बसले नाही.

"शब्द अण्णांनी दिलाय," मी म्हणाले. "तो अण्णांनी पाळावा. त्यांनी स्टिअरिंगला हात लावू नये. मी काही शब्द दिलेला नाही."

वकिलांच्या बायकोनं पदर तोंडाला लावला. वकील म्हणाले, "मुलगी बोलते फार."

"मोटार त्याहून बरी चालवते," मी म्हणाले.

मी मुलाकडं बघितलं. एकदा तरी त्यानं मान वर करावी असं वाटलं. तो जाजमावरची नक्षी बघत होता. त्याच्यावर माझा राग नाही. ती नक्षी होतीच सुंदर.

मंडळी पोह्यांना हात न लावता उठली. लोकांना वाटतं, त्यानंतर माझं लग्न झालं नसेल. झालं. काही वर्षांनी, कुर्डुवाडीच्या एका शाळामास्तरांशी. त्यांना मोटारीची भीती वाटायची. ते मागच्या सीटवर डोळे मिटून बसायचे आणि घरी पोचलं की म्हणायचे, "छान चालवलीस." डोळ्यांत मोतीबिंदू उतरेपर्यंत मी चालवत राहिले. पण ते सगळं पुढचं. त्या दिवशी घरात मी होते, थंड झालेले पोहे होते आणि अण्णांचा राग होता.

"चार लोकांत माझी मान खाली घातलीस."

"मला न विचारता माझा शब्द दिलात."

"बाप आहे मी तुझा!"

"म्हणून तर विचारायला हवं होतं."

अण्णांनी मोटारीचं हँडल आणून घरातल्या औषधांच्या कपाटात ठेवलं आणि कपाटाला कुलूप लावलं. हँडलाशिवाय मोटार म्हणजे नुसता पत्रा. तिच्यावर पुन्हा गोणपाट आलं. अण्णा माझ्याशी बोलेनात, मी त्यांच्याशी बोलेना. आम्ही दोघंही एकाच मातीचे, कुणीच मागं सरकेना. माळावर ज्वारीची काढणी चालली होती, कडब्याच्या गाड्या घरावरून डुलत जायच्या, आणि मी खिडकीतून त्यांची चाकं बघत बसायची. आईनं मला एका शब्दानं बोल लावला नाही, समजूतही काढली नाही. मला वाटायचं, तिच्या मनातलंच झालं.

एका दुपारी अण्णा टेबलाशी जेवत होते. अंगणात धुळीनं माखलेला एक माणूस येऊन उभा राहिला. "डाक्टर, बा बेसुद हाय. येता का?"

अण्णांनी मान वर केली नाही. "टांगा बघा. तुमच्या म्हाताऱ्याला इकडं घेऊन या."

"तांगा वढ्याच्या वाळूत फसतोय, डाक्टर."

आई आमटी वाढत होती. तिनं पळी भांड्यात ठेवली. जन्मात कधी तिनं अण्णांच्या जेवणात व्यत्यय आणला नव्हता.

"अहो," ती म्हणाली, "गुडघा तुमचा आखडलाय. पोरीला का जखडता?"

अण्णांचा घास हातातच राहिला. आईनं खुंटीवरच्या त्यांच्या कोटाच्या खिशातून किल्ली काढली. सगळ्यांच्या देखत कपाट उघडलं. बाटल्यांच्या मागचं ते जड, तेलकट हँडल दोन्ही हातांनी उचललं आणि माझ्यासमोर धरलं. तिच्या धुतलेल्या लुगड्यावर तेलाचा डाग पडला. तिनं तिकडं पाहिलंही नाही.

"जा. तो माणूस उन्हात उभा आहे."

मी गोणपाट ओढलं, हँडल मारलं. मोटार एवढ्या दिवसांचा राग असल्यासारखी खोकत खोकत चालू झाली. आत स्टूल सरकल्याचा आवाज आला. अण्णा काठी टेकत बाहेर आले, पेटी मांडीवर घेऊन शेजारी बसले. अख्ख्या वाटेत आम्ही एकमेकांशी बोललो नाही. त्या माणसाला मागं बसवलं होतं, तोच वाट सांगत होता.

गावात म्हातारा शुद्धीवर यायला बराच वेळ लागला. ऊन उतरलं होतं. मी मोटारीला पाणी पाजून, काच पुसून लिंबाच्या पारापाशी उभी होते. पारावर सगळं गाव जमलेलं. अण्णा घरातून बाहेर आले तशी सगळी उठून उभी राहिली. गावचे पाटील, पांढऱ्या मिशांचे, जाड काठी हातात, मोटारीभोवती एक चक्कर मारून आले आणि अण्णांना म्हणाले,

"डाक्टर, लेकीनं आणली म्हनं गाडी?"

"हो."

"ओढ्यातनं?"

"ओढ्यातून."

"आक्रीतच हाय की." पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. "पर आमाला काळजी लागली, डाक्टर. आता लेक आणती तुमाला. उद्या तिचं लगीन झालं, सासरी गेली, मग? मग चालवती का सोडती?"

तोच प्रश्न होता. जाजमाऐवजी माती आणि वकिलांऐवजी पाटील, एवढाच फरक. मी पुढची काच पुसतच राहिले. ती केव्हाच स्वच्छ झाली होती.

अण्णा काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. कधी नव्हे ते त्यांचे शब्द अडखळले.

"मागं मला एकानं हेच विचारलं होतं, पाटील. मी तिच्या वतीनं उत्तर देऊन बसलो. ते उत्तर द्यायचा मला अधिकार नव्हता." त्यांनी काठी माझ्या दिशेनं केली. "ती उभी आहे समोर. तिला विचारा."

पाटलांनी आयुष्यात कुणा तरुण मुलीला भर पारावर काही विचारलं नसावं. ते अवघडले. खाकरले. मग माझ्याकडं वळून, गावच्या कारभाऱ्याशी बोलावं तसे म्हणाले, "काय ताई? कसं करनार?"

सगळे माझ्याकडं बघत होते. अण्णाही.

"चालवणार," मी म्हणाले. "सासरी, माहेरी, कुठंही. बोलावणं आलं की येणार."

आणि पाटील काही म्हणायच्या आत मी हँडल उचललं आणि मोटारीच्या पुढं गेले, कारण दिवस मावळायच्या आत ओढा ओलांडायचा होता.